वर धरलेला चमचा

पनवेल शहरात आणि शहराबाहेर जितकी म्हणून फॅमिली रेस्टॉरंट आहेत, त्यांतल्या एकानेही आमच्या मामांच्या तोंडून 'छान' हा शब्द ऐकलेला नाही. नवी उघडली, जुनी बंद पडली, काहींनी नाव बदललं, काहींनी नावाबरोबर आचारीही बदलला, रस्ता रुंद झाला तेव्हा काही निम्मी कापली गेली आणि उरलेल्या निम्म्यात एसी हॉल काढून बसली. पण 'छान' कुणाच्याच नशिबी आलं नाही. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मी साताऱ्याकडचा माणूस, बँकेच्या बदलीने पनवेलला आलो, इथलीच मुलगी केली आणि मुलीबरोबर हे मामा मिळाले. तेव्हापासून रविवारी दुपारी ते मला जेवायला घेऊन जातात. 'जेवायला' हा शब्द मी आपला सवयीने वापरला. खरं तर ते तपासणीला जातात आणि पंच म्हणून मला बरोबर नेतात. बाकी कुणाला नेऊन उपयोग नाही, कारण बाकीच्यांना भूक लागलेली असते.

मामांची सगळी नोकरी तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात गेली, आणि तीही तपासणी विभागात. रंगाच्या डब्यात पट्टी बुडवायची, वर उचलून धरायची, ओघळ कसा पडतो आणि कुठे तुटतो ते पाहायचं आणि माल पास की परत ते सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना शाल आणि श्रीफळ देऊन मोकळं केलं, पण पट्टी काही हातातून सुटली नाही. तिचा चमचा झाला. डाळ तडका टेबलावर आला की मामा चष्मा पुसतात, चमचा डाळीत बुडवतात, डोळ्यांच्या रेषेत वर धरतात आणि थांबतात. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसंही आपोआप गप्प होतात. ओघळ सलग पडला तर डाळ पिठाने दाटवलेली, थेंब थेंब पडला तर गिऱ्हाईक वाढलं तसं पाणी वाढवलेलं. चांगल्या डाळीचा ओघळ मध्येच एकदा अडखळला पाहिजे, असं त्यांचं शास्त्र आहे. मी एकदा आमच्या घरच्या डाळीवर हा प्रयोग करून पाहिला, तर बायकोने माझ्या हातातला चमचा काढून घेतला आणि उरलेलं जेवण मी हाताने जेवलो.

चमचा ही फक्त सुरुवात. पापड ते कानाजवळ नेऊन मोडतात. रोटी उजेडाकडे धरतात आणि कुठे कच्ची राहिली आहे ते बोट ठेवून दाखवतात. भाताचं शीत दोन बोटांत दाबतात. त्याचे सरळ दोन तुकडे झाले तर ठीक, लगदा झाला तर आचाऱ्याने झाकण वेळेवर काढलं नाही आणि मध्येच कणी लागली तर झाकण ठेवलंच नाही. पनीरचा तुकडा ते आधी दाताखाली धरून नुसता ऐकतात. करकरला की डोळे मिटून घेतात, जणू एखाद्या ओळखीच्या माणसाची वाईट बातमी कळली आहे. आणि हे सगळं झाल्यावर शेरा. मामांकडे शेरे तीनच: 'परत', 'बघू' आणि 'चालेल'. 'चालेल' हा सर्वोच्च. तो मिळालेली पनवेलमधली हॉटेलं मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरून उरतील, आणि त्यातलीही काही पुढच्या फेरीत 'बघू'वर घसरली आहेत.

नवीन पनवेलमध्ये एक अतिशय थंडगार रेस्टॉरंट उघडलं होतं. तिथे बटर चिकन आलं. मामांनी त्याचा एक थेंब ताटाच्या कडेवर टाकला, ताट तिरकं केलं, थेंब किती खाली आला ते पाहिलं, मग नखाने कड खरवडून पाहिली. टाय लावलेला मॅनेजर लगबगीने आला. मामांनी त्याला शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात त्या आवाजात सांगितलं, की रंग उत्तम आहे, चकाकीही आहे, पण आत काही नाही, आणि असा माल पहिल्या पावसाळ्यात पोपडे धरतो. मॅनेजरने आदबीने टेबलावरचा चौकोनी कोड दाखवला आणि फोनवर तारे द्यायची विनंती केली. मी फोन उघडून दिला. मामांनी बराच वेळ त्या पाच ताऱ्यांकडे पाहिलं आणि मला विचारलं, की यातला ओघळाचा तारा कुठला. त्यांना मनापासून माहिती हवी होती. मॅनेजरने बिलाबरोबर एक गोड पदार्थ 'हॉटेलकडून' म्हणून पाठवला. तोही 'परत' ठरला.

एक मात्र सांगायला हवं. मामा कधी आवाज चढवत नाहीत, कुणाचा पाणउतारा करत नाहीत, आणि ज्याला 'परत' म्हणतात ते ताट शेवटच्या घासापर्यंत संपवतात. चटणीसुद्धा. अन्न टाकायचं नाही, हा त्यांचा नियम हॉटेलातही सुटत नाही. त्यामुळे आमच्या रविवारचं दृश्य असं असतं, की एक धिप्पाड म्हातारा गृहस्थ समोरच्या पदार्थाविषयी अत्यंत गंभीरपणे नापसंती सांगतो आहे आणि त्याच वेळी तो पदार्थ दुसऱ्यांदा वाढून घेतो आहे. वेटर लोकांचा यामुळे फार गोंधळ होतो. खांदा कॉलनीतला एक वेटर तर मला हळूच म्हणाला होता, 'साहब, अंकल को पसंद आया कि नहीं, एक बार ठीक से बता दो.'

आता अशा माणसाच्या घरी रोजचा स्वयंपाक करणाऱ्या बाईची काय अवस्था होत असेल, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा मी मामींसाठी मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसलो होतो. मामी उरणच्या, समुद्रावरच्या घरातल्या. त्यांनी तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण वाढलं. मला मासा म्हणजे घशात अडकणारा काटा एवढंच माहीत. बोंबील तर मुळात अर्धा पाणीच. जरा जास्त शिजला की कालवणात विरून जातो, कमी शिजला की लिबलिबीत राहतो. मामींचा बोंबील भाकरीच्या तुकड्यावर येईपर्यंत अख्खा होता आणि जिभेवर टेकला की नव्हता. मी घाटावरचा माणूस, पण त्या दिवशी समुद्राच्या बाजूने फितूर झालो. तोंड भरून कौतुक केलं, पुन्हा वाढून घेतलं, कालवणात काय काय घातलं ते विचारलं. मामांनी मात्र मानही वर केली नाही. चमचा नाही, ओघळ नाही, शेरा नाही. खाली मान घालून जेवले, पान बोटांनी स्वच्छ केलं, पानाला नमस्कार केला आणि हात धुवायला उठले. मामी स्वयंपाकघराच्या दारात खांद्यावर फडकं टाकून उभ्या होत्या. त्यांचे डोळे सबंध जेवणभर मामांच्या तोंडावर होते. मामा उठल्यावर त्या मला म्हणाल्या, "जावई, तुमी बोललात तरी. आमच्या घरात जीभ फक्त बाहेर जाताना नेतात."

ते मी विनोद म्हणून ऐकलं, आणि हसलोही. पुढे बायकोकडून कळलं की त्यात विनोद नव्हता. लग्न होऊन आल्यापासून मामी त्या दारात उभ्या राहत आल्या होत्या. बरं झालंय, एवढे दोन शब्द त्यांना हवे होते. तेही नसतील तर खारट झालंय म्हणा, पण काहीतरी म्हणा. एकदा ऐन रागात त्यांनी डाळीत मुद्दाम मीठच घातलं नाही. मामांनी ती डाळ भातावर घेतली, जेवले, आणखी एक वाढ मागून घेतली, तीही संपवली आणि पानाला नमस्कार करून उठले. त्या दुपारी मामी रडल्या. माझ्या बायकोला म्हणाल्या, "हाटेलातल्या डाळीत पाणी किती हाय ते ज्याला नुसतं बघून समजतं, त्याला घरचं मीठ समजत नाय का? समजतं गो. सांगावंसं वाटत नाय." त्यांनी मनाशी धरलं होतं, की या माणसाचं पोट घरी भरतं आणि मन भरायला तो रविवारी बाहेर जातो. म्हणून त्या आमच्याबरोबर कधी कुठल्या हॉटेलात आल्या नाहीत. किती वेळा बोलावलं, पण दुसऱ्याच्या स्वयंपाकाला मिळणारा मान बघायला मी कशाला येऊ, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. माझी बायको मामांना तोंडावर म्हणायची, काखेत कळसा आणि गावाला वळसा. मामा गंभीरपणे मान हलवायचे आणि पुढच्या रविवारचं हॉटेल ठरवायचे.

शेवटी एकदा पेणच्या बाजूने जेवून परत येताना मी गाडीत विचारलंच, की मामा, तुम्ही घरच्या जेवणावर एक अक्षर का बोलत नाही. शिरढोण मागे पडल्यावर मामा बोलायला लागले. त्यांचे वडील खाडीत जाळं टाकायचे. एक दिवस जाळ्यात जेमतेम मूठभर निवट्या आल्या, म्हणजे खाडीच्या चिखलातले ते बारके मासे. आईने त्यांचं कालवण केलं, आणि एवढ्या माणसांना पुरवायचं म्हणून त्यात पाणी घातलं. तेव्हा लहान असलेले मामा पहिला घास घेऊन म्हणाले, पाणचट झालंय. वडिलांनी हात उगारला नाही. पोरासमोरचं पान उचललं, आपल्यापुढे घेतलं, ते सगळं जेवले आणि म्हणाले, 'पानातल्या अन्नाला नाव ठेवायचं नाय. बरं बी नाय, वाईट बी नाय.' आई चुलीशी, पानांकडे पाठ करून बसली होती, तिने वळून पाहिलं नाही, आणि ती पाठ मामांना अजून दिसते.

मी म्हटलं, वाईट म्हणू नये हे पटलं, पण चांगलं म्हणायला काय हरकत आहे? मामांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. ते म्हणाले, "आज चांगलं म्हटलं, की उद्या न म्हटलेलं दिसतं. घरचं अन्न तपासायचं नसतं, जावई. ते पास होऊनच आलेलं असतं. हॉटेलात आपण गिऱ्हाईक. तिथे बोलायचा हक्क आहे, तिथे बोलतो." मला हे इतकं मोठं वाटलं, की मी घरी येऊन लगेच बायकोला सांगितलं आणि बायकोने लगेच मामींना. आम्हाला वाटलं, आता सगळं मिटलं. मामींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, हे त्यांनी जावयांना सांगितलं, मला नाय सांगितलं. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली, ते दुसऱ्याच्या तोंडून कसं चालेल?

मागच्या दिवाळीच्या तोंडावर मामींना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, पाय परत आला, उजवा हात मात्र आला नाही. तो पदराखाली ठेवायची त्यांना सवय लागली. डाव्या हाताने जेवायला शिकल्या, पण स्वयंपाक सुटला. भाजी-आमटीचं एक वेळ त्या खुर्चीत बसून कुणालाही सांगून करून घेत्या, पण बोंबलाचं कालवण सांगून होत नाही. त्यात पळी घालायची नसते. पळी लागली की बोंबील मोडतो. फडक्याने टोप दोन्ही बाजूंनी धरायचा आणि जरासा गोल हलवायचा, किती आणि कधी ते मनगटाला माहीत असतं, आणि त्याला दोन हात लागतात. घरी पोळ्या-भाजीला एक बाई येऊ लागल्या. मामा त्यांचंही जेवण खाली मान घालून जेवत आणि नमस्कार करून उठत. फरक एवढाच, की स्वयंपाकघराच्या दारात आता कुणी उभं नसे. मामी आत पलंगावर असत आणि मामा पानावरून उठताना एकदा त्या रिकाम्या दाराकडे पाहत. ते पाहणं मी पाहिलं आहे, आणि पुन्हा पाहायची माझी इच्छा नाही.

आमचे रविवार मात्र सुटले नाहीत, उलट मामा जास्तच हट्टाने निघू लागले. पण आता कुठेही गेलं तरी ते एकच पदार्थ मागवत, ओल्या बोंबलाचं कालवण. जिथे फक्त कुरकुरीत तळलेला बोंबील मिळतो तिथे ते पाणी पिऊन बाहेर पडत. पनवेलपासून उरणपर्यंत, आगरी जेवण, घरगुती जेवण, मालवणी जेवण अशी जी जी पाटी दिसली तिथे आम्ही बसलो. आधी मामा शेरा देऊन मोकळे होत. आता ते एक घास घेऊन वाटीकडे नुसते पाहत बसत. एका ठिकाणी त्यांनी आचाऱ्याला बाहेर बोलावलं आणि कालवणात पळी घालता का, एवढंच विचारलं. तो म्हणाला, मग कशाने ढवळणार? मामा 'परत' म्हणाले, पण इतक्या हळू, की ते त्याला ऐकूही गेलं नसावं. मला वाटत होतं, म्हाताऱ्याला डोहाळे लागले आहेत. बायकोला जास्त कळलं होतं. ती म्हणाली, त्यांना हॉटेल नको आहे, त्यांना ते कालवण परत पाहिजे.

होळीनंतर मामींच्या हाताचे व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, की यांना घराबाहेर काढा, चार माणसांत बसवा. मामी नाही नाही म्हणत होत्या, पण माझ्या बायकोने त्यांना साडी नेसवली आणि आम्ही चौघं उलव्याच्या पुढे, उरणच्या रस्त्यावरच्या एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये गेलो. विमानतळात शेती गेल्यावर तिथल्या एका गृहस्थाने हे हॉटेल टाकलं होतं. मामांच्या फेऱ्यांमुळे तो आम्हाला चांगलाच ओळखत होता. खिडकीबाहेर डंपरांची रांग आणि धूळ, आत एकेका टेबलावर बारशा-वाढदिवसांची गर्दी. मामींना मामांचं ते रूप आयुष्यात पहिल्यांदा दिसणार होतं आणि ते बघायचं नव्हतं, म्हणून त्यांच्या समोर बसूनही त्या बाहेरच्या डंपरांकडे बघत होत्या. कालवण आलं. मामांनी चमचा वर धरला नाही. भाकरीच्या तुकड्यावर बोंबील घेतला, तो वाटेतच मोडून पडला.

मालक गल्ल्यावरून उठून आलाच होता. मामा त्याला म्हणाले, पळी लागली आहे. मालक रागावला नाही, पण दमला असावा. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "काका, तुमी येता, आमाला बरं वाटतं. पण दर टायमाला बोंबील मोडला, चिंच पुढं आली, लसूण जळला. तुमाला पायजे तसं कालवण हाय तरी कुठं? मला सांगा. मी तिथं जाऊन शिकून येतो."

इतक्या वर्षांत मामांना कुठल्या हॉटेलवाल्याने असं समोर बसून विचारलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी वाटी बाजूला सारली. खाली मान घालून ते म्हणाले, "आता कुठंच नाय. हिच्या हातचं होतं."

कारखान्यात आणि माझ्याशी शुद्ध बोलणारे मामा त्या वेळी खाडीकाठच्या आपल्या घरात जाऊन बोलले. मालकाने मामींकडे पाहिलं. मामींचा उजवा हात पदराखाली होता. त्याला काय समजायचं ते समजलं आणि तो उठून उभा राहिला. मामांना मात्र आता थांबता येईना. मालकाला तपासणीचा अहवाल द्यावा तसं ते सांगत होते, की बोंबील भाकरीवर उभा राहायचा, चिंच मागून यायची, लसूण ठेचलेला असायचा पण दाताखाली यायचा नाही, आणि वाटी तिरकी केली की रस्सा कडेला पातळ आणि मध्ये दाट दिसायचा, असा माल त्यांनी परत कुठे पाहिला नाही. मामी खिडकीकडेच बघत होत्या. बायकोने माझा हात घट्ट धरला होता. मग मामी वळल्या आणि म्हणाल्या, "हे तुमी हितं सांगता? हाटेलात?"

"घरात कसं बोलू?" मामा म्हणाले.

त्यांना यात काही विचित्र आहे हेच कळत नव्हतं. नियम घरचा होता, तो घरात पाळला. हॉटेलात बोलायचा हक्क होता, इथे ते कधीही बोलले असते, कुणीही विचारलं असतं तरी. आणि ज्या बाईला ते ऐकायचं होतं, ती रागाने कधी हॉटेलात आली नव्हती. एवढी साधी चूक, आणि तिने दोन माणसांचं एवढं आयुष्य खाल्लं. मामींनाही ते त्याच क्षणी उमगलं असावं, कारण त्या रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या की मग मला आधी आणायचं होतं. मामा म्हणाले, तू येत नव्हतीस. आणि हे खरंच होतं.

त्या दिवसापासून रविवारी सगळ्यांत आधी मामी तयार असतात. आम्ही गाडी घेऊन जातो तर त्या खाली, सोसायटीच्या बाकावर. कुठल्या हॉटेलात जायचं याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. टेबलावर पाणी आलं की त्या मामांकडे पाहतात आणि मामा सुरू होतात. समोरच्या पनीरला आता कुणी विचारत नाही. मामा तपासतात ते मामींच्या हातचे जुने पदार्थ: भाचीच्या बारशाला केलेल्या घावनांची जाळी, आजारपणातली पेज, सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाची खीर, आणि एकदा केलेली चिंबोऱ्यांची आमटी, जिच्यात वाटण जरा भरड राहिलं होतं. हो, दोषही सांगतात. मामा शेवटी मामाच. मामी खाली मान घालून ऐकतात, मध्येच म्हणतात, ते भरड नव्हतं, पाटा गुळगुळीत होऊन टाकीला आला होता. चिंबोऱ्यांना 'बघू' मिळालं तेव्हा त्या दोन दिवस फुरंगटून होत्या, आणि मला तर वाटतं, त्या दोन दिवसांइतक्या सुखात मी त्यांना कधी पाहिलं नाही. घरी आलं की पुन्हा सगळं जिथल्या तिथे. मामा पानावर मुके. मामीही घरात काही विचारत नाहीत. आठवडाभर वाट पाहता येते, हे त्यांना आता माहीत झालं आहे. पण उजवा हात अजून पदराखालीच असतो, आणि ज्याचं एवढं वर्णन चालतं ते आता कुणाच्याच पानात पडणार नाही, हे आम्हा चौघांनाही ठाऊक असतं.

परवा श्रावणातला रविवार होता, म्हणून स्टेशनजवळच्या एका शाकाहारी ठिकाणी बसलो होतो. गर्दी ओसरली होती. मामांचं बोलून झालं होतं. समोर डाळीची वाटी होती आणि मामी तिच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "आन ती बिनमिठाची डाळ?"

मी बायकोकडे पाहिलं. ती गोष्ट मामांना ठाऊक होती की नाही, हेही आम्हाला कधी कळलं नव्हतं.

"तिच्यात मीठ नव्हतं," मामा म्हणाले.

"मग दोनदा का घेतली?"

मामांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "तू दारात उभी होतीस."

मामींनी डाव्या हाताने समोरची डाळीची वाटी मामांच्या पुढ्यात सरकवली. मामांनी चमचा उचलला, आणि वर न धरता, खाली मान घालून, ती डाळ संपवली.